दीपमाला गभणेचा उजवा पाय

दीपमाला गभणे आमच्या ऑफिसात लागली २००२च्या जूनमध्ये. चोवीस वर्षांची, मूळची भंडाऱ्याची, बी.एस्सी. झालेली. वडील रंगनाथ गभणे तिकडच्या आयुध निर्माणीतून बदलून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आले होते आणि घर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये होतं.

ऑफिस नगर रस्त्यावर, खराडीच्या अलीकडे, एका नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. काम मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं. म्हणजे असं की अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर रोगी तपासायचे आणि प्रत्येकाची हकिकत फोनवर बोलून ठेवायचे. त्यांचा दिवस संपला की ते आवाज आमच्या संगणकांवर यायचे. सकाळी सात ते तीन या वेळात आमच्या मुली हेडफोन लावून ते ऐकायच्या आणि टाइप करायच्या. दोन्ही हात कीबोर्डवर गुंतलेले, त्यामुळे आवाज थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा सोडायचा तो पायाने. प्रत्येकीच्या टेबलाखाली त्यासाठी एक छोटं पेडल असायचं.

मी तिथे एडिटर होते. हेमा आगटे. त्याआधी बावीस वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली होती. मुलींनी टाइप केलेलं तपासायचं, चुका काढायच्या, ऐकू न आल्यामुळे त्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागा भरायच्या, हे माझं काम. चुका काढायचा स्वभाव मुळातच होता. इथे त्याचा पगार मिळू लागला, एवढाच फरक.

दीपमालाच्या कामात चुका कमी असायच्या. पहिल्या तीन महिन्यांतच तिला अवघड उच्चारांचे डॉक्टर द्यायला मी सुरुवात केली. त्याबद्दल तिला काही बोलले नाही, कारण कौतुक केलं की माणसं सैल पडतात असं माझं तेव्हा मत होतं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ती खडकी बाजारात बसमधून उतरताना तिचा उजवा पाय खड्ड्यात मुरगळला. पावलाच्या बाहेरच्या बाजूचं एक बारीक हाड तडकलं. पाच आठवडे प्लास्टर. चार दिवसांची रजा घेऊन ती कामावर आली, पेडल डाव्या पायाखाली सरकवून घेतलं आणि कामाला लागली. हे फारच किरकोळ दुखणं होतं. प्लास्टर निघालं की संपणार, असं तिच्यासकट सगळ्यांनी धरलं होतं.

मार्चअखेर प्लास्टर निघालं, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं.

मला दिसत होतं ते एवढंच की ही मुलगी आता जागेवरून सारखी उठते, पाय खुर्चीवर घेऊन बसते, पंखा बंद करायला सांगते आणि शेजारणींशी त्यावरून कुरबुर होते. पायात वडिलांच्या मापाच्या कापडी सपाता घालून येते. कामाचा वेगही उतरला होता. मे महिन्यात मी तिच्या नावापुढे रजिस्टरमध्ये नोंद केली: वारंवार जागा सोडणे, कारण असमाधानकारक. आणि सगळ्यांच्या देखत तिला म्हणाले, "अहो दीपमाला, टायपिंग हातांनी करतात. पायांची कारणं कशाला?"

ती "हो मॅडम" म्हणाली आणि खाली बसली. ते वाक्य मी बोलले होते हे मी आजही विसरलेले नाही.

तिचं काय चाललं होतं ते तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. पाऊल सतत जळत असायचं, निखाऱ्यावर धरल्यासारखं, आणि हात लावून पाहिलं तर थंडगार. कधी लालभडक व्हायचं, कधी जांभळं. घाम यायचा तो त्या एकाच पावलाला. पंख्याचा वारा लागला तरी कळ डोक्यात जायची. आईच्या साडीचा पदर चुकून घासला म्हणून ती एकदा आईवर ओरडली होती आणि नंतर दोघीही रडल्या होत्या. आंघोळीला उजवा पाय प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोरीच्या बाहेर ठेवायची. झोपताना पायावर एक स्टूल उभं करायची आणि चादर स्टुलावर टाकायची, म्हणजे चादर पावलाला लागणार नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी दोनदा एक्स-रे काढला. हाड छान जुळलेलं होतं. ते म्हणाले, आता लाड पुरे, चालायला लागा. दुसऱ्या डॉक्टरांनी, मन कशात तरी गुंतवा, असं सांगितलं. शेजारच्या बायकांनी नजर लागल्याचं ठरवलं, काहींनी लग्न टाळायचं निमित्त आहे असंही. आई चंद्रभागाबाईंनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. वडिलांनी कारखान्यात बोटं गमावलेली माणसं महिन्याभरात कामावर येताना पाहिली होती, आणि ते आपल्या मुलीच्या पाचही बोटं शाबूत असलेल्या पायाकडे बघायचे.

"दुखण्यापेक्षा ते वाईट होतं, मॅडम," ती मला म्हणाली होती. "रोज सकाळी मी स्वतःलाच विचारायची, खरंच दुखतंय ना? की मी खोटारडी आहे?"

ऑगस्टमध्ये एके दिवशी तिचं एक पान माझ्याकडे तपासायला आलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या गावातला डॉक्टर. रोगी म्हणजे शाळेची बस चालवणारी एक बाई, घोटा मुरगळल्याला आठ महिने झालेले. पाऊल जळतं, पण स्पर्शाला गार. रंग बदलतो. पांघरूण सहन होत नाही. वेदना मूळ इजेच्या मानाने कितीतरी जास्त. सगळं पान एकही चूक नसलेलं होतं, आणि शेवटी निदानाची जागा मोकळी. दीपमाला सहसा जागा मोकळी सोडत नसे. मी आवाज लावून ऐकला. डॉक्टर बोलता बोलता काहीतरी खात होता. दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं आणि मी शब्द भरला.

मान वर केली तर ती माझ्या टेबलापाशी उभी होती. न बोलावता ती कधी येत नसे.

"मॅडम, तो शब्द काय होता?"

मी सांगितलं. रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी. आता त्याला नवं नाव आहे, कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. तिने मला स्पेलिंग विचारलं. मग खाली वाकून, ओठ घट्ट मिटून, तिने उजव्या पायातली सपात काढली.

लॅबमधल्या बावीस वर्षांत आजारी शरीरं मी कमी पाहिलेली नाहीत. ते पाऊल सुजलेलं होतं, जांभळट आणि चकाकणारं, त्वचा ताणून बसवल्यासारखी. नखं जाड आणि वाकडी वाढलेली. शेजारी तिचं डावं पाऊल होतं, सडपातळ, सावळं, नेहमीसारखं. ही दोन्ही पावलं एकाच मुलीची आहेत यावर विश्वास बसत नव्हता. पाच महिने ती माझ्यापासून बारा फुटांवर बसत होती आणि मी एकदाही टेबलाखाली पाहिलं नव्हतं.

तिने ते पान घरी न्यायला मिळेल का, असं विचारलं. रोग्यांची माहिती ऑफिसबाहेर नेणं नियमाने बंद होतं, आणि नियम मी पाळायची. मी म्हणाले, "कागद न्यायचा नाही. शब्द न्यायला कुणाची परवानगी लागत नाही."

तीन वाजता मुली घरी गेल्यावर आम्ही दोघी माझ्या संगणकापाशी बसलो. इंटरनेट फक्त माझ्याकडे होतं. त्या आठवड्यात आम्ही रोज तासभर वाचलं. हा आजार लहानशा इजेनंतरही होतो. हाड किंवा स्नायू बरा होतो, पण मज्जातंतू आणि मेंदू यांच्यातला व्यवहार बिघडतो, आणि साधा स्पर्शही मेंदूला आगीसारखा पोचतो. दुखणं कल्पनेतलं नसतं. पाय जितका जपून ठेवावा तितका तो जास्त बिघडतो. आणि उपचार जितके लवकर तितके चांगले. हे शेवटचं वाचल्यावर तिने बोटांवर महिने मोजले.

हा शब्द घेऊन ती हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. हल्ली रोगीच संगणकावर निदान करून येतात, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली तेव्हा मला वाटलं, आता ही खचणार. पण तीन वाजल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली की माझं म्हणणं ऐकायला कुठल्याच डॉक्टरांना दोन मिनिटांच्या वर वेळ नसतो, तेव्हा मी ते दोन मिनिटांत वाचता येईल असं लिहिते.

आणि तिने स्वतःचा रिपोर्ट टाइप केला. हजारो परक्या माणसांचे केले होते, तसाच. मुख्य तक्रार, आजाराचा इतिहास, आधीची औषधं, तपासणीत काय दिसतं. 'चोवीस वर्षांची ही स्त्री' अशी सुरुवात. (जन्मतारखेनुसार ती तेव्हा पंचवीसची झाली होती, ती चूक मी काढली.) दोन्ही पावलांची मापं, कुठल्या स्पर्शाने किती वेळ कळ राहते, दिवसातून किती वेळा रंग बदलतो, सगळं एका पानात. कुठेही रडगाणं नाही. फक्त अगदी खाली, सगळं संपल्यावर, एक ओळ होती: कृपया विश्वास ठेवावा.

मी म्हणाले, "दीपमाला, रिपोर्टमध्ये विनंती नसते."

"काढा मॅडम," ती म्हणाली. "मला ती एकदा लिहायची होती."

मी ओळ काढली. त्या दिवसापासून मी तिला अगं-तूगं करू लागले.

शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात एक भूलतज्ज्ञ दर गुरुवारी जुनाट वेदनांचे रोगी बघत. त्यांचं नाव मला लॅबमधल्या जुन्या ओळखीतून कळलं. वडील तिच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी पान वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं आणि हे कुणी लिहिलं असं विचारलं. मग त्यांनी तिची दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवून तपासली. कापसाचा बोळा अलगद फिरवला, तळहाताच्या मागच्या बाजूने ऊब पाहिली. म्हणाले की तुमचं निदान बरोबर आहे, आणि तुम्ही म्हणता तितकं दुखतं यात मला शंका नाही. सहा महिन्यांत तिला हे पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं. ती तिथेच रडली.

त्यांनी काही गोळ्या दिल्या, पुढे कंबरेतून दोन इंजेक्शनंही. पण आधीच सांगितलं की यांनी वेदना काही काळ खाली येईल, तेवढ्या वेळात पायाला पुन्हा कामाला लावायचं, खरा उपचार तोच. तो किती महिने चालेल ते सांगता येत नाही, आणि पाय पूर्वीसारखा होईल असं वचन मी देत नाही.

घरी आल्यावर रंगनाथरावांनी बायकोला समोर बसवलं. ते कारखान्यात फ्यूज, म्हणजे तोफगोळा उडवणारा टोकाचा भाग, तपासायच्या खात्यात होते. ते म्हणाले, "आमचा फ्यूज टेबलावरून पडला तरी उडाला नाही पायजे. ठरल्या धक्क्यालेच उडाला पायजे. हिच्या पायाचा फ्यूज नाजूक झाला हाये. पोरगी खोटी नाही." एवढं बोलून ते उठले, बाहेर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. चंद्रभागाबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा डोळ्यांना पदर लावला होता. "आम्हालेच समजलं नाही वो मॅडम," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी व्यायामासाठी खडकीतच एक नाव सुचवलं होतं: उत्तरेश्वर माने. वय साठीच्या पुढे. सैन्याच्या हॉस्पिटलांत तीस वर्षं फिजिओथेरपीचं काम करून निवृत्त झालेले, आणि बाजारातल्या कापडाच्या दुकानामागे दोन खाटांची खोली घेऊन बसलेले. मूळचे धाराशिवकडचे. नवं इंग्रजी नाव त्यांना माहीत नव्हतं, पण पाय पाहताच त्यांनी मान हलवली. छर्रे लागलेल्या जवानांत त्यांनी हे पाहिलं होतं. जखम भरून वर्ष झालेलं आणि माणूस ओला फडका हाताला गुंडाळून बसलेला, कुणाला जवळ येऊ देत नाही.

"ध्यानात ठेव पोरी," ते म्हणाले, "दुखणं येगळं आन् इजा येगळी. दुखतंय ते खरं हाय. पण पायाला आता इजा होत न्हाई. ही गोष्ट तुज्या डोक्याला पटलीय, पायाला पटायची हाय."

त्यांचा नियम एकच होता. रोज ठरलेलं तेवढंच करायचं. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, वाईट वाटलं म्हणून कमी नाही.

सुरुवात कापसाने झाली. कापसाचा बोळा पावलावर फिरवायचा, दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, आणि त्या वेळी पायाकडे बघायचं, तोंड फिरवायचं नाही. पहिल्या दिवशी तिला चाळीस सेकंद जमलं. पंधरा दिवसांनी पाच मिनिटं जमली, मग आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आला. नंतर टॉवेल, नंतर वडिलांच्या खाकी शर्टाची बाही, सगळ्यांत शेवटी काथ्याचं पायपुसणं. लुगड्यापासून पायपुसण्यापर्यंत पोचायला सात महिने लागले. त्याच्या बरोबरीने वजनकाट्यावर उभं राहणं. डावा पाय जमिनीवर, उजवा काट्यावर, आणि काटा दोन किलो दाखवेल इतकाच भार. पुढच्या आठवड्यात तीन. मधे एका आठवड्यात परत दोन. तिने एक वही केली होती आणि त्यात तारीख, वेळ, किलो, मिनिटं असं सगळं लिहायची.

आरशाचा उपाय मला इंटरनेटवर सापडला. इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी तो नुकताच करून पाहिला होता. दोन्ही पायांच्या मधे उभा आरसा ठेवायचा, दुखरा पाय आरशामागे लपवायचा आणि चांगला पाय हलवत आरशात बघायचं. डोळ्यांना उजवा पाय सुखाने हलताना दिसतो. मानेसरांना मी छापील पान नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते माझ्याकडून मराठीत समजून घेतलं आणि म्हणाले की यात बिघडण्यासारखं काही नाही, करून बघू. रंगनाथरावांनी आरशाला लाकडी चौकट ठोकून दिली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा दीपमालाला मळमळलं. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, आज आरशात माझा पाय होता. दोन मिनिटं तो माझाच होता."

ऑफिसात मी माझ्या परीने जेवढं होईल तेवढं केलं. तिला दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं उठायची मुभा दिली, आणि कुरबुर करणाऱ्या मुलींना कारण सांगितलं. पंखा तिच्या टेबलापासून लांब नेला. पेडल तिने स्वतःच परत उजव्या बाजूला मागितलं. तासाला पाच दाब, पुढच्या महिन्यात दहा, बाकीचे डाव्याने. रजिस्टरमधलं पान फाडणं नियमात बसत नव्हतं. म्हणून मेमधल्या त्या नोंदीखाली मी लिहिलं: वरील नोंद माझ्या अज्ञानातून झाली आहे. हे. आ.

पुढचे महिने सरळ गेले असं नाही. जानेवारीत भंडाऱ्याहून तिची चुलत भावंडं आली. सगळे मिळून कात्रजला प्राणिसंग्रहालय बघायला गेले. त्या दिवशी तिचा पाय वर्षभरात नव्हता इतका शांत होता. ती फाटकापासून वाघापर्यंत, वाघापासून सापांपर्यंत आणि तिथून परत, सगळी चालली. तिसऱ्या दिवशी पाऊल पुन्हा फुगलं, रंग जांभळा झाला आणि कापूससुद्धा सोसेना. माझ्यासमोर बसून ती म्हणाली की चार महिने वाया गेले, आता मी नोकरी सोडते. मी तिला समजावण्याच्या लायकीची नव्हते, म्हणून रिक्षात घालून मानेसरांकडे नेलं.

ते तिला रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वही मागितली आणि किती चालणं झालं ते विचारलं. तिने सांगितलं.

"मजा आली का?"

तिने एकदा पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आली."

"मग ते बी लिही," ते म्हणाले. "आन् उद्यापास्नं निम्म्यानं सुरू."

तिने निम्म्याने सुरू केलं. खाली गेलेला पाय वर यायला तीन आठवडे लागले, पण या वेळी तो अगदी तळापर्यंत गेला नव्हता. हे तिच्या वहीतल्या आकड्यांवरून तिचं तिलाच दिसलं. दुखणं उसळलं म्हणजे पाय मोडला असं नाही, हे इंटरनेटवर तिने आधीच वाचलेलं होतं. पण तिला ते त्या तीन आठवड्यांत समजलं. त्यानंतरही पाय चार-पाचदा उसळला. ती घाबरली नाही. निम्म्यावर यायची आणि पुन्हा चढायची.

त्या वर्षीच्या दिवाळीत तिने चपला घातल्या. स्टूल पलंगावरून गेलं. साधारण त्याच सुमारास तिने आपला दुसरा रिपोर्ट टाइप केला, दोन पानी, वहीतल्या आकड्यांसह, आणि त्या पहिल्या हाडांच्या डॉक्टरांना पोस्टाने पाठवला. मला वाटलं आत चार खरमरीत ओळी असतील. मी असते तर निदान सहा लिहिल्या असत्या. तिच्या पत्रात फक्त एवढंच होतं की आपल्याकडे असा रोगी पुन्हा आला तर ही माहिती उपयोगी पडेल. उत्तर आलं नाही. पण सात-आठ महिन्यांनी मानेसरांच्या खोलीत कात्रजकडचा एक दूधवाला आला. मनगटाचं प्लास्टर निघालेलं, हात सुजून लाल, आणि खिशात त्याच डॉक्टरांची चिठ्ठी. मानेसरांनी दीपमालाला हे सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, प्लास्टर काढून किती दिवस झालेत. दहा, असं कळल्यावर ती जरा वेळ डोळे मिटून बसली. तो माणूस तीन महिन्यांत बरा होऊन परत दूध घालू लागला.

लोक तिला विचारतात, पाय बरा झाला का. ती "सांभाळते" म्हणते. थंडीत पाऊल अजून जांभळं होतं. धावपळीचा आठवडा गेला की जळजळ येते. मांडी घालून जास्त वेळ बसता येत नाही. ती सकाळी दहा मिनिटं लवकर उठते, पाय खरखरीत टॉवेलने पुसते, दोन मिनिटं पंजांवर उभी राहते आणि मग दिवसाला लागते. एखाद्या दिवशी जमणार नसलं तर ते न लाजता सांगते आणि जमेल तेवढं करते. सगळे तिच्या हिमतीबद्दल बोलतात. हिंमत मी पुष्कळ पाहिली आहे, ती आठवडाभर टिकते. ही मुलगी दीड वर्ष रोज तीनदा आपल्याच पायाला कापूस नाहीतर फडकं लावत बसली, आणि तो दर वेळी दुखत होता. याला मला शब्द सापडलेला नाही, आणि शब्द शोधून काढणं हे तर माझं कामच होतं.

२००७च्या मार्चमध्ये मी निवृत्त झाले आणि माझ्या जागी कंपनीने तिला नेमलं. माझी शिफारस होती, पण ती नसती तरी नेमलं असतं. शेवटच्या दिवशी मुलींनी केक कापला, भाषणं केली, मला एक शाल दिली. सगळं आटोपल्यावर दीपमाला म्हणाली की मी तुम्हाला घरी सोडते. तिने महिन्यापूर्वीच स्कूटर घेतली होती. मला दुचाकीवर मागे बसायची सवय नव्हती. शाल आणि पर्स सांभाळत मी बसले.

येरवड्याच्या सिग्नलला गर्दी होती. स्कूटर थांबली आणि तिने पाय टेकला. आजूबाजूला रिक्षा, बसचा धूर, आणि तिचं उजवं पाऊल चपलेत, तापलेल्या डांबरावर, आमच्या दोघींच्या आणि स्कूटरच्या भारासकट. मी मागून वाकून बघत होते. आता बघायची मला सवय लागली होती.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"हो, थोडं," ती म्हणाली. "तुमच्याकडे पुलावरून वळायचं की सरळ जायचं?"

मी सरळ म्हणाले, आणि सिग्नल सुटला.